आधी तार, मग सर्व्हर, शेवटी क्लाउड: ठाणे-नवी मुंबईत राहून ॲडमिनचं काम कसं शिकावं

गेल्या दिवाळीत माझा भाचा कळव्याहून एका क्लासचं पत्रक घेऊन आला. एकाच कोर्समध्ये हार्डवेअर, नेटवर्किंग, लिनक्स, विंडोज सर्व्हर, दोन-दोन क्लाउड आणि वर सायबर सिक्युरिटी. मुदत सहा महिने, नोकरीची शंभर टक्के हमी. "मामा, घेऊ का?" पोरगा बीएस्सी आयटी झालेला, आणि फीसाठी घरात कर्जाची बोलणी चाललेली. मी नको म्हटलं. पण नुसतं नको म्हणून भागत नाही, मग काय करायचं तेही सांगावं लागतं. कंपन्यांचं नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळणारा ॲडमिन व्हायचं तर काय कधी शिकावं, हे त्याला वर्षभर सांगत आलो. तेच इथे क्रमाने लिहितोय. मी स्वतः वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांत केबल ओढण्यापासून सुरुवात केली आणि आता महाप्यात सर्व्हर सांभाळतो. त्यामुळे हा क्रम माझ्या हातून गेलेला आहे.

क्रम असा: तार, पत्ता, सर्व्हर, क्लाउड. हा उलटा केला की मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला माणूस अडकतो.

इथे काम कुठलं आहे

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली, रबाळे, महापे या एमआयडीसी पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या शेजारी खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती दिसतात. ती डेटा सेंटर, म्हणजे कंपन्यांचे सर्व्हर ठेवायची घरं. उद्योगांसाठी आणलेली वीज इथे आधीपासून होती, प्लॉट मोठे होते, आणि समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेचा मुंबई रीजन (एका भागातल्या डेटा सेंटरांचा गट) २०१६ मध्ये सुरू झाला, गुगल क्लाउडचा २०१७ मध्ये. आपण ज्याला क्लाउड म्हणतो ते अशाच इमारतींत रॅकमध्ये बसवलेलं लोखंड असतं. त्याला वीज लागते, गार हवा लागते आणि रात्री दोन वाजता बिघडलेली डिस्क बदलणारा माणूस लागतो.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. ग्रिड कोसळलं आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटं भार धरतात आणि तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू होऊन भार उचलतात. ग्राहकाला ९९.९ टक्के उपलब्धतेचा शब्द दिला असेल तर वर्षात साधारण पावणेनऊ तास बंद राहायची मुभा असते. ९९.९९ टक्के म्हटलं की उरतात जेमतेम ५२ मिनिटं. आपलं सगळं काम या मिनिटांसाठी चालतं.

नवख्याला दारं चार. ऑफिसांत फिरून दुरुस्ती करणारा फील्ड किंवा डेस्कटॉप सपोर्ट. डेटा सेंटरमध्ये रॅकजवळ काम करणारा टेक्निशियन. पडद्यावर अलार्म बघत तिकिटं (बिघाडाच्या नोंदी) काढणारा नॉक, म्हणजे नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमधला इंजिनिअर. आणि क्लाउड सपोर्ट. 'क्लाउड इंजिनिअर' या पाटीच्या बहुतेक जागा अनुभव मागतात. पहिल्या तीनपैकी कुठलंही दार कमी प्रतीचं नाही. तिथूनच माणसं वर गेलेली मी पाहिली आहेत.

पहिला खर्च फीचा नको, रॅमचा करा

घरची लॅब हवीच. कंपन्यांनी वापरून विकलेला चांगला लॅपटॉप किंवा डेस्कटॉप घ्या. लॅमिंग्टन रोडला मिळतो, ठाण्यातही मिळतो. प्रोसेसर थोडा जुना चालेल, पण रॅम १६ जीबी आणि एसएसडी हवीच. ८ जीबीत दोन व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर) चालू केली की तिसऱ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. घेताना दुकानातच बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय आहे का ते बघा.

सॉफ्टवेअरला एक रुपया लागत नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो, त्यात राउटर-स्विच पडद्यावर जोडून सराव होतो. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते. लिनक्ससाठी उबुंटू, रॉकी किंवा अल्मा घ्या. जुन्या नोट्समध्ये सेंटओएस दिसेल, पण सेंटओएस ७ चाही आधार जून २०२४ मध्ये संपला.

याशिवाय एक क्रिम्पिंग टूल, साधा केबल टेस्टर, काही मीटर कॅट-६ वायर, मूठभर आरजे-४५ कनेक्टर आणि एक दोनशे पानी वही. वहीबद्दल पुढे बोलतो, पण ती या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे.

पहिले तीन महिने: नेटवर्क

पहिल्याच दिवशी तार कापा. आठ तारांचा प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिली दहा कनेक्टरं वाया जातील, जाऊ द्या. हिरव्याची जोडी निळ्याच्या जोडीला मधे घेऊन का बसते, तारांना पीळ का असतो, तांब्याच्या या केबलला १०० मीटरची मर्यादा का, हे प्रश्न हातात तार असतानाच पडतात. माझ्या पहिल्या वर्षात 'सर्व्हर स्लो आहे' म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारींचं मूळ नीट न दाबलेल्या कनेक्टरात निघालं होतं.

मग पत्ता. आयपी पत्ता समजायला नवी मुंबईकराला सोपं जावं, कारण त्याचं शहरच सेक्टर आणि प्लॉटमध्ये वाटलेलं आहे. पत्त्याचा पुढचा भाग म्हणजे सेक्टर, मागचा म्हणजे प्लॉट. सेक्टरच्या आतल्या आत चिठ्ठी द्यायची तर थेट दारात जाता येतं. दुसऱ्या सेक्टरला जायचं तर नाक्यावरूनच बाहेर पडावं लागतं, तो नाका म्हणजे गेटवे. सेक्टर कुठे संपतो हे सबनेट मास्क सांगतो.

आता कागदावर एक गणित करा. वागळे इस्टेटमधलं एक ऑफिस धरा: अकाउंट्समध्ये ६० मशीन, सेल्समध्ये २५, आणि १० सर्व्हर. हाताशी १९२.१६८.१०.० हे /२४ चं नेटवर्क आहे, म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ सेक्टरचे, आणि उरलेल्या ८ मध्ये एकूण २५६ पत्ते. मोठी गरज आधी भागवायची. ६० ला /२६ लागतो: ६४ पत्ते, पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम हाक द्यायचा) सोडून वापरायला ६२. तो ० पासून ६३ पर्यंत गेला. २५ ला /२७, वापरायला ३०. तो ६४ ते ९५. दहा सर्व्हरना /२८, वापरायला १४. तो ९६ ते १११. प्रत्येक वाटणीत एक पत्ता गेटवेला द्यायचा हे विसरू नका. अकाउंट्समध्ये ६० मशीन आणि एक गेटवे मिळून ६१ होतात, म्हणजे एकच पत्ता शिल्लक. उद्या तिथे तीन माणसं वाढली तर? कागदावर बरोबर आलेली वाटणी ऑफिसात चूक ठरते ती इथे. मी असतो तर अकाउंट्सला पूर्ण /२५ दिला असता. रोज अशी पाच गणितं, महिनाभर, कॅल्क्युलेटर न घेता.

हीच वाटणी पॅकेट ट्रेसरमध्ये व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे कप्पे) करून उभी करा. एकाच स्विचवरची अकाउंट्स आणि सेल्सची मशीन एकमेकांना दिसत नाहीत हे आधी बघा, मग राउटर जोडून दिसायला लावा. त्यानंतर मशीनला आपोआप पत्ता देणारा डीएचसीपी आणि वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस.

आता वही उघडा. जे चालू आहे ते मुद्दाम बिघडवायचं आणि शोधायचं. 'इंटरनेट बंद आहे' ही तक्रार आली की खालून वर जायचं. पोर्टचा दिवा लागलाय का? नसेल तर तार किंवा पोर्ट. दिवा आहे, पण मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतोय? म्हणजे डीएचसीपीकडून पत्ता आलाच नाही, मशीनने स्वतःच एक लावून घेतलाय. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला पिंग करा, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारा. गेटवे उत्तर देतो, मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गुगलच्या सर्व्हरला, पिंग करा. तेही चालतंय आणि वेबसाइट नावाने उघडत नाही? मग गाठ डीएनएसशी आहे. एक सावधगिरी घ्या: काही फायरवॉल (नेटवर्कची ये-जा तपासणारे पहारेकरी) पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एका पिंगवरून निवाडा करू नका. प्रत्येक वेळी वहीत तीन ओळी लिहा: काय दिसलं, काय तपासलं, काय निघालं.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद पडले तेव्हाही मूळ खालीच होतं. देखभालीच्या कामात चुकीची आज्ञा गेली, त्यांच्या डेटा सेंटरांमधला जोड तुटला, आणि त्यांच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे रस्ते बीजीपीतून (इंटरनेटवर रस्ते जाहीर करायच्या पद्धतीतून) मागे घेतले गेले. सर्व्हर चालू होते, त्यांच्यापर्यंत जायला वाट नव्हती.

पुढचे चार महिने: सर्व्हर

लिनक्स आधी घ्या. त्यात सगळं लिहिलेलं दिसतं, म्हणून शिकायला ते जास्त प्रामाणिक आहे. ग्राफिकल पडदा न घालता इन्स्टॉल करा आणि दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीने) आत शिरा. वापरकर्ते, परवानग्या, सर्व्हिस चालू-बंद करणं, डिस्क जोडणं, एलव्हीएम (डिस्कची लवचीक वाटणी), फायरवॉल, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम), लॉग (मशीनने ठेवलेल्या नोंदी) वाचणं एवढं हाताखालून गेलं पाहिजे. एसईलिनक्स हा लिनक्समधला जादा पहारा अडचण करतो म्हणून बंद करून टाकायची सवय मात्र लावून घेऊ नका.

मग मोडा. कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये चुकीची ओळ लिहून मशीन रीस्टार्ट करा. ते इमर्जन्सी मोडमध्ये अडकेल, तिथून बाहेर काढा. दुसरा सराव माझ्या फार आवडीचा. डिस्क भरली आहे असं 'डीएफ' ही आज्ञा सांगते, पण 'डीयू'ने फाइलींची बेरीज केली तर एवढी भरतच नाही. कारण कुणीतरी मोठी लॉग फाइल पुसली, पण ती उघडून बसलेला प्रोग्राम अजून चालू आहे. तो सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. 'एलएसओएफ'ने तो शोधायचा आणि ती सर्व्हिस रीस्टार्ट करायची. आणि जागा शिल्लक असूनही 'जागा नाही' असं येत असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपलेत का बघा, लाखो बारक्या फाइलींनी तसं होतं. हे दोन प्रश्न मी मुलाखतीत विचारतो. पाठ केलेलं उत्तर पुढच्याच उपप्रश्नाला गळतं, करून पाहिलेलं टिकतं.

विंडोज सर्व्हरवर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (वापरकर्ते आणि मशीन यांची मध्यवर्ती नोंद) उभी करा, एक विंडोज मशीन तिच्या डोमेनला जोडा, ग्रुप पॉलिसी (सगळ्यांना एकदम लागू होणारे नियम) लावा. मग त्या मशीनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे करून ठेवा आणि लॉगिनचं काय होतं ते बघा. लॉगिनची ओळख पटवणारं कर्बेरोस मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. घड्याळाचं महत्त्व आपल्याकडे कायद्यानेही आलंय. सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायच्या. नवख्या उमेदवाराला हे माहीत असलं की समोरचा मान वर करून बघतो.

बॅकअप घ्यायला सगळे शिकवतात, परत आणायला फार थोडे. महिन्यातून एकदा लॅबमधलं एक मशीन पूर्ण पुसा आणि बॅकअपवरून उभं करा. घड्याळ लावून किती वेळ लागला तो वहीत लिहा. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम पाठ असू द्या. पण परत आणून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

एक रात्र

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका ग्राहकाच्या फायरवॉलमध्ये मी घरून बदल केला. नियम वरच्या ओळीत टाकायचा होता की खालच्या याचा विचार न करता टाकला, आणि माझंच कनेक्शन तुटलं. ग्राहकाचंही काम बंद. रात्री दीडला कळव्याहून बाइक काढून पारसिकच्या बाजूने महाप्याला पोचलो, कन्सोल केबल (फायरवॉलला थेट जोडायची तार) लावली आणि ती ओळ काढली. पाऊण तास सगळं बंद होतं. दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी सगळं लेखी दिलं. लपवलं असतं तर नोकरी गेली असती असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून दूरवरून बदल करताना मी परतीची वाट आधी बांधतो. सिस्कोच्या राउटरवर 'रीलोड इन १०' दिलं की दहा मिनिटांनी तो आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेला बदल जातो. सगळं ठीक चाललं तर 'रीलोड कॅन्सल' द्यायचं आणि मगच सेव्ह करायचं. लिनक्सवर 'ॲट' आज्ञेने दहा मिनिटांनी जुने फायरवॉल नियम परत येतील अशी सोय करता येते. लॅबमध्ये हे इतक्या वेळा करा की हात आपोआप तिकडे जाईल.

मग क्लाउड

इथवर आलात तर क्लाउड परका वाटणार नाही. एडब्ल्यूएसवर व्हीपीसी (क्लाउडमधलं आपलं खाजगी नेटवर्क) बनवायला गेलात की पहिलाच प्रश्न पत्त्यांच्या वाटणीचा येतो. आपल्या /२८ मध्ये घरी १४ पत्ते मिळाले होते, इथे ११ मिळतात, कारण प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं. मायक्रोसॉफ्टचं क्लाउड अझूरही पाचच ठेवतं. एडब्ल्यूएसमध्ये फायरवॉलचं काम दोघं करतात: सिक्युरिटी ग्रुप गेलेल्या मागणीचं उत्तर आपोआप आत घेतो, नेटवर्क एसीएल घेत नाही, परतीचा नियम वेगळा लिहावा लागतो. हा फरक ज्याने घरी फायरवॉल लिहिली त्याला एका वाक्यात कळतो.

खातं उघडल्यावर सर्व्हर बनवायच्या आधी तीन कामं करा. रूट खात्याला दुहेरी पडताळणी लावा, रोजच्या कामासाठी वेगळा वापरकर्ता करा, आणि बजेटचा इशारा लावा. फुकट वापराचे नियम बदलत असतात, ते खातं उघडायच्या दिवशी वाचा. विसरून चालू राहिलेला नॅट गेटवे (खाजगी सर्व्हरना इंटरनेटवर नेणारी सेवा) तासावर पैसे घेतो. फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्यालाही तासाचा दर लावतं. सराव संपला की सगळं पुसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचं. हाताने बांधायचा कंटाळा आला की टेराफॉर्म (फाइलीत लिहिलेलं क्लाउडवर आपोआप बांधणारं साधन) शिकायची वेळ झाली असं समजा. ॲन्सिबल (अनेक सर्व्हर एकदम सेट करणारं साधन) आणि थोडं पायथॉनही तेव्हाच घ्या. ॲक्सेस की (खात्याची चावी) मात्र कुठल्याही फाइलीत लिहून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर चढवू नका, अशा चाव्या शोधत फिरणारे प्रोग्राम असतात.

एकच क्लाउड धरा. दोन्ही एकदम नकोत.

परीक्षा आणि क्लास

नेटवर्कसाठी सिस्कोची सीसीएनए, परीक्षेचा क्रमांक २००-३०१. परीक्षा दोन तासांची, फी ३०० डॉलर आणि वर कर, मुदत तीन वर्षं. एवढी रक्कम भरायच्या आधी सबनेटिंग झोपेतही जमलं पाहिजे. लिनक्ससाठी रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए. तिच्यात पर्याय निवडायचे नसतात, मशीन समोर ठेवतात आणि कामं करायला सांगतात. ३०० पैकी २१० ला पास. नवख्याकडे ही असेल तर मी अर्ज बाजूला काढून ठेवतो. क्लाउडसाठी एडब्ल्यूएसची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट किंवा अझूरची एझेड-१०४. तिन्ही एकाच वर्षात हव्यात असं नाही, पहिल्या नोकरीला एक पुरते. बाजारात मिळणारे डंप (परीक्षेतल्या फुटलेल्या प्रश्नांचे संच) पाठ करून परीक्षा देऊ नका. कामावर पहिल्या आठवड्यात ते उघडं पडतं.

क्लास लावूच नये असं माझं म्हणणं नाही. शिस्त लागते, सोबत मिळते. पण पैसे भरण्याआधी एक तास लॅबमध्ये बसू द्या म्हणावं. खरा स्विच, खरा राउटर हात लावायला मिळतो का, किती जणांत एक, शिकवणाऱ्याने स्वतः कुठे काम केलंय, हे विचारावं. पत्रकात अजून एमसीएसई लिहिलं असेल तर परत फिरा, मायक्रोसॉफ्टने ती जानेवारी २०२१ मध्येच बंद केली. आणि 'शंभर टक्के हमी' लेखी मागा, नेमकी कसली हमी ते कागदावर येऊ द्या.

सरकारी वाटाही आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा ट्रेड असतो, पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा असतो. इंजिनिअर आणि आयटी पदवीधरांसाठी केंद्र सरकारच्या सी-डॅक संस्थेचा 'आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टीम्स अँड सिक्युरिटी' हा पदव्युत्तर डिप्लोमा, त्याची प्रवेश परीक्षा सी-कॅट. सी-डॅकचं एक केंद्र खारघरला आहे, पण कुठल्या केंद्रावर कुठला डिप्लोमा हे त्या त्या वेळच्या जाहिरातीत बघावं. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची नेटवर्कवरची व्याख्यानं फुकट आहेत. डिप्लोमा किंवा पदवी झाली असेल तर केंद्र सरकारच्या नॅट्स या योजनेच्या पोर्टलवर शिकाऊ उमेदवारीच्या जागाही बघत राहा. तिथे विद्यावेतन मिळतं आणि अनुभवाचा दाखला मिळतो.

मुलाखत आणि पहिली नोकरी

अर्जात 'नेटवर्किंगचं चांगलं ज्ञान' असं लिहू नका. 'घरच्या लॅबमध्ये तीन व्हीलॅन, दोन लिनक्स सर्व्हर आणि एक डोमेन कंट्रोलर उभा केला. ३८ बिघाडांची नोंद ठेवली' असं लिहा, आणि ती वही सोबत न्या. भाच्याने नेली होती. समोरच्याने सतरावं पान उघडून त्यावरच वीस मिनिटं प्रश्न विचारले.

हातात ऑफर आल्यावर हे विचारून घ्या: पगार कुणाच्या पेरोलवर आहे, मूळ कंपनीच्या की कंत्राटदाराच्या, बाँड आहे का आणि मोडला तर किती भरायचे, मूळ कागदपत्रं जमा करून घेणार का (देऊ नका), रात्रपाळी किती आणि तिला गाडी आहे का. ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी सुटली की महापे-रबाळ्याहून ठाण्याकडे यायला हाल होतात. मुलींनी तर हे लेखी घ्यावं.

भाचा आता रबाळ्यात नॉकमध्ये आहे, आठवड्याला पाळी बदलते. त्याला पहिल्या महिन्यात एकच गोष्ट घोकून घेतली: पाळी सोडताना हँडओव्हर पूर्ण लिहायचा. कुठला अलार्म उघडा आहे, ग्राहकाला शेवटचं कधी आणि काय कळवलं, व्हेंडरचा तिकीट क्रमांक काय, पुढच्याने किती वाजता काय बघायचं. सकाळी सहाला डोळे मिटत असतात तेव्हाही चार ओळी लिहायच्या, पुढच्या माणसाला तोंडी वाचून दाखवायच्या, आणि मगच बॅग उचलायची.